निसटलेल्या चाचण्यांचा माग

1879 पासून वैद्यकीय लेख शोधायचा म्हणजे ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड चाळायचे. 1964 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं ही सूची संगणकावर नेली, 1971 मध्ये मेडलाइन आलं आणि टर्मिनलवर बसून शोध घेता येऊ लागला.

माझ्या मते खरं महत्त्वाचं वर्ष 1994. एखाद्या उपचाराच्या सगळ्या चाचण्या गोळा करूनच निष्कर्ष काढायचा, या हट्टापायी आदल्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये कॉक्रेन संस्था उभी राहिली होती. के डिकरसिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं, की मेडलाइनवर जाणकारांनी शोधूनही ठाऊक असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच हाती लागतात. काही नियतकालिकं मेडलाइनमध्ये नव्हतीच. काही लेख आत असूनही त्यांच्यावर ‘चाचणी’ अशी खूणच नव्हती. मग जगभरच्या स्वयंसेवकांनी जुने अंक पानपान उलटून चाचण्या वेचल्या आणि त्या नोंदींवर नव्यानं खुणा झाल्या. आजचा आपला शोध त्या अनाम माणसांच्या डोळ्यांवर उभा आहे.

1997 मध्ये पबमेड, म्हणजे मेडलाइन शोधण्याचं इंटरनेटवरचं दार, सगळ्यांना मोफत झालं. 2007 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमुळे (आयसीएमआर) कॉक्रेन लायब्ररी भारतभर खुली झाली. दारं उघडली, तरी निसटणं थांबलं नाही.

आमच्या ग्रंथालयात एमडीचा एक विद्यार्थी आला. विषय गर्भवतींमधला रक्तक्षय. काही सुटू नये म्हणून त्यानं ‘ॲनिमिया’चं अमेरिकन स्पेलिंग अर्ध्यावर तोडून पुढे तारांकन दिलं होतं. पण तारांकन दिलं, की पबमेड त्या शब्दाला समानार्थी शब्द आणि विषयशीर्षक आपणहून जोडत नाही. ब्रिटिश वळणानं ‘एई’ लिहिणारे लेख, म्हणजे आपल्याकडचे कितीतरी, गळत होते. शेकडो निकाल समोर असताना हे कळणार कसं?

“तुला आधीच माहीत असलेले पाच लेख यात आहेत का बघ,” मी म्हटलं. त्याच्याच गाइडचा लेख नव्हता. आम्ही दोन्ही स्पेलिंगं ‘ऑर’नं जोडली, सोबत विषयशीर्षक घातलं. लेख आला; त्याच्यामागून त्यानं कधी न पाहिलेले आणखी बरेच आले. शोधाची ती पूर्ण ओळ, डेटाबेसचं नाव आणि तारीख त्यानं वहीत उतरवून घेतली.