मूल मुद्दाम करत नाही: शी-शूच्या तक्रारीवर फिजिओथेरपी



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, जाळी दुरुस्तीला, आणि बाबा रात्री घरी. एरवी आई पहाटे उठून गुपचूप निस्तरते ती गोष्ट अशा वेळी बाबांच्याही लक्षात येते. सात-आठ वर्षांचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, दिवसा पळत संडासात जाईपर्यंत चड्डी भिजते, नाहीतर चड्डीला शी लागलेली असते. मग ओरडा, कधी फटका. म्हणूनच आज हा विषय.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. पाच वर्षांच्या १०० मुलांमध्ये साधारण १५ मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण ५ च्या आसपास येतं. पाच वर्षांच्या आधी डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत. झोपेत होणाऱ्या गोष्टीवर मुलाचा ताबा नसतो. आई किंवा बाबा लहानपणी असेच असतील, तर मुलात ही शक्यता जास्त.

बिघडतं कुठे?

खाजनातली मानस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं. दार वेळेवर मिटलं नाही तर शेतात खारं पाणी, आणि वेळेवर उघडलं नाही तर आत पाणी तुंबतं. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची अशीच एक झोळी असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवी-शी धरताना ती आवळायची आणि करताना पूर्ण सैल सोडायची.

काही मुलांना ही झोळी सैल सोडताच येत नाही. शाळेचा संडास घाण असतो म्हणून मूल धरून ठेवतं, खेळात रंगलं म्हणून धरून ठेवतं. पाय एकमेकांत अडकवून उभं राहतं किंवा टाचेवर बसून टाच खाली दाबतं. ही खूण १९६६ साली व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी नोंदवली होती. रोज असं धरून धरून स्नायूंना आवळूनच राहायची सवय लागते. मग लघवी तुटक होते, थोडी आत राहते, जंतुसंसर्ग होतो, घाई वाढते.

दुसरं कारण बद्धकोष्ठ. कडक शी गुदाशयात साठली की ती पुढच्या लघवीच्या पिशवीवर दाब देते. गुदाशय ताणला गेला की त्याची जाणीव बोथट होते आणि कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. त्यानं कोंडी आणखी वाढते. म्हणून डॉक्टर आधी पोट साफ करायचं औषध देतात, आणि ते बरेचदा काही महिने चालतं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

फिजिओथेरपिस्ट काय करतात?

मुलाला पोटानं खोल श्वास घ्यायला शिकवतात, म्हणजे झोळी सैल कशी होते ते त्याला कळतं. बसायची पद्धत सुधारतात. गरज पडली तर बायोफीडबॅक वापरतात. यात अंगावर छोटे स्टिकर लावतात, स्नायू आवळला की सैल झाला ते मूल पडद्यावर खेळासारखं बघतं आणि शिकतं. यात दुखत नाही. बाळंतपणानंतर बायकांना सांगतात तो ‘आवळा-सोडा’ व्यायाम मुलाला मनानं देऊ नका. ज्याचा स्नायू आधीच आवळलेला आहे, त्याला उलट सैल सोडणं शिकायचं असतं.

घरी काय करायचं?

• दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा, ‘लागली नाही’ म्हणालं तरी. शाळेत बाईंना सांगून ठेवा.
• जेवणानंतर पाच-दहा मिनिटं संडासला बसवा. सकाळी बाजाराची घाई असेल तर रात्रीच्या जेवणानंतर चालेल.
• कमोडवर पाय लोंबकळत ठेवू नका. पायाखाली पाट द्या. उंचीला बसत असेल तर मासळीचा धुतलेला रिकामा क्रेट उलटा ठेवा. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, अंग थोडं पुढे. भारतीय संडास असेल तर उकिडवं बसणं उत्तमच.
• पाणी तोडू नका. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक ते दीड लिटरच्या आसपास पेय लागतं. ते सकाळ-दुपारी जास्त द्या, संध्याकाळी कमी. रात्री चहा, कोला नको.
• मासळीत ताकद आहे, पण चोथा नाही. ताटात तांबडी भाजी, अळसांदे, पपई, पेरू हवेत.
• ट्रिपची नोंद ठेवता तशी सात दिवसांची वही ठेवा: किती वाजता लघवी, कधी शी, कधी भिजलं. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

थांबू नका, लगेच दाखवा

लघवीला जळजळ, ताप किंवा रक्त. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवायला लागणं. खूप तहान आणि वजन उतरणं. पायात अशक्तपणा, चाल बदलणं. कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका. लघवी सतत थेंब थेंब गळणं.

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा मुलांच्या डॉक्टरांकडून करा, नाहीतर बांबोळीला गोमेकॉच्या बालरोग विभागात जा. मुलांच्या या तक्रारींवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट कोण, हे तिथे स्पष्ट विचारा. सुधारणेला आठवडे नाही, महिने लागतात. बंदीच्या दोन महिन्यांत निदान सवयी बसवून घेता येतील, आणि त्यात बाबांनीही हात लावावा.

शेवटची विनंती: मुलाला मारू नका, भावंडांसमोर चिडवू नका, शेजारी सांगू नका. लाजेनं मूल आणखी धरून ठेवतं आणि तक्रार वाढते. ज्या घराला गरज आहे, तिथे ही पोस्ट खाजगीत पाठवा.