स्पीकरची बैठक

इंग्रजीत ज्याला ‘बुकशेल्फ स्पीकर’ म्हणतात त्याची खरी जागा पुस्तकांच्या फडताळात नाही, असे आरंभीच म्हटले तर ज्यांनी तो मोठ्या हौसेने फडताळात बसवला आहे ते श्रोते रागावतील. पण दोष त्यांचा नाही, नावाचा आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करावयास लावले, आणि एरवी कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज फडताळाच्या कप्प्यात मावेल अशा पेटीतून काढून दाखवला. पुढे लहान स्पीकरला हे नाव चिकटले. पेटी फडताळात मावते, एवढाच त्याचा अर्थ. ती तेथे चांगली वाजते असे मात्र नव्हे.

मग ती ठेवावी कशावर, आणि जिच्यावर ठेवली त्या बैठकीशी तिचे नाते कसे असावे? प्रश्न लहान दिसतो खरा. पण बाजारात गेलात म्हणजे तो लहान राहत नाही. एक दुकानदार सांगतो, स्पीकर पक्का धरून ठेवला पाहिजे, म्हणून हे पोलादी खिळे घ्या. शेजारचा सांगतो, तो जमिनीपासून अलग, तरंगता ठेवला पाहिजे, म्हणून या मऊ चकत्या घ्या. दोघेही शपथेवर बोलतात आणि दोघेही पैसे घेतात. आपण बिचारे खिळेही आणतो आणि चकत्याही आणतो, आणि एकावर एक ठेवतो.

आधी रोग काय आहे ते पाहू. स्पीकरचा पडदा हवेला पुढे ढकलतो तेव्हा पेटी मागे ढकलली जाते. क्रियेला प्रतिक्रिया असतेच. हालणारा पडदा १५ ग्रॅमचा, पेटी ७ किलोची आणि पडद्याची धाव ४ मिलीमीटर धरली, तर मोकळी सोडलेली पेटी मागे सरकेल ती सुमारे एका मिलीमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. एवढ्याने गाणे बिघडते काय? माझ्या मते फारसे नाही. पेटीचे वजनच तिला जागच्या जागी धरून ठेवते. बिघाड होतो तो पेटी हालल्याने नव्हे, तर तिने आपला कंप दुसऱ्याच्या स्वाधीन केल्याने.

तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. नुसती तार हवेत छेडली तर आवाज किती येईल? शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही. तार बारीक असते, ती हवा कापते, ढकलत नाही. पण तीच तार घोडीवरून गेली की घोडी तो कंप तबलीला देते, तबली आणि भोपळा मिळून पुष्कळ हवा हालवतात आणि खोली भरून जाते. मिरजेच्या कारागिरांची सारी विद्या या देण्याघेण्यात आहे. आपला स्पीकर फडताळावर ठेवला की नकळत हाच व्यवहार सुरू होतो. पेटी ही घोडी होते आणि फडताळाची फळी ही तबली. फरक इतकाच की तबली कारागिराने कान लावून घडवलेली असते, आणि फळी सुताराने पुस्तकांसाठी ठोकलेली असते. तिचा स्वतःचा एक स्वर असतो. राग कोणताही असो, गायक कोणीही असो, तो स्वर आला की फळी फुगून गाते. ज्यांना आपल्या घरी तबल्याचा डग्गा नेहमी एकाच जागी घुमल्यासारखा वाटतो, त्यांनी डग्ग्याला दोष देण्यापूर्वी फळीला हात लावून पाहावा.

हात लावून पाहावा हे मी शब्दशः म्हणतो. दर सेकंदाला २०० ते ३०० कंपने असली तर बोटाच्या टोकाला मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल कळते. इतके नाजूक यंत्र विकत घ्यावयाचे तर बरेच पैसे पडतील. नेहमीच्या आवाजात रेकॉर्ड लावा आणि फळीवर, स्टँडच्या खांबावर, जमिनीवर क्रमाने बोट टेकवा. त्याहून खालच्या कंपांसाठी काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवा आणि तिच्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंब थरथरले की समजावे, तबली येथे आहे.

आता उपायांकडे वळू. यासाठी एक प्रयोग घरी करण्यासारखा आहे. जुने कुलूप शिवणाच्या इलॅस्टिकला बांधून लोंबकळत ठेवा आणि वरचे टोक हातात धरा. हात अगदी सावकाश वरखाली केला तर कुलूप हाताबरोबर वरखाली होते. वेग थोडा वाढवा. एका विशिष्ट ठेक्यावर कुलूप हातापेक्षाही जास्त उसळू लागते, झोपाळ्याला वेळेवर झोका मिळाल्यासारखे. आणि हात त्याहून भराभर हालवला की नवल घडते. हात थरथरत राहतो, पण कुलूप जागच्या जागी स्वस्थ. मऊ चकतीचे सारे शास्त्र या कुलपात आहे. चकती म्हणजे इलॅस्टिक, स्पीकर म्हणजे कुलूप. कंप वरून खाली जावो की खालून वर येवो, हिशेब एकच. मऊ चकती प्रत्येक कंप अडवत नाही. आपल्या ठेक्याच्या खालचे कंप ती जसेच्या तसे जाऊ देते, ठेक्याजवळचे वाढवते, आणि त्या ठेक्याच्या सुमारे दीडपटीच्या वरचेच काय ते अडवू लागते. तिप्पट अंतर ठेवले तर जाणारा कंप आठव्या हिश्श्यावर येतो.

हा ठेका कसा ओळखावा? उपकरण लागत नाही. स्पीकर ठेवल्यावर चकती किती दबते तेवढे मोजावे. एक मिलीमीटर दबली तर ठेका दर सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा. चार मिलीमीटर दबली तर ८ चा. आणि मिलीमीटरचा दहावा भागच दबली तर ५० चा. वहीचे दहा कागद म्हणजे साधारण एक मिलीमीटर. चकतीच्या जाडीइतकी कागदांची चळत शेजारी ठेवून दबण्याआधी आणि दबल्यावर तुलना केली की काम भागते. रबर वेगाने हालवले असता जरा जास्त ताठ वागते, म्हणून खरा ठेका या हिशेबाच्या थोडा वर पडतो. तेव्हा दीड ते दोन मिलीमीटर दबेल अशी चकती घ्यावी.

दुकानातल्या कडक चकत्यांची गोम येथे कळते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज दर सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या घरात. ५० किंवा ६० वर ठेका असलेली चकती खाली असली तर ती नेमका हा खर्ज अडवण्याऐवजी त्याला झोका देते. म्हणजे पैसे देऊन आणलेला पाहुणा घरच्यांत भांडण लावून देतो! जाड स्पीकरसाठी केलेली चकती हलक्या स्पीकरखाली घातली की हेच होते. ती दबतच नाही. उपाय सोपा आहे: चार मोठ्या चकत्यांऐवजी चार लहान तुकडे कापून घालावे, म्हणजे वजन थोड्या जागेवर येऊन दबणे वाढते. सॉर्बोथेनसारखी मऊ द्रव्ये विकणारेही वजन पाहूनच चकती निवडावयास सांगतात, ते याचसाठी. आमच्याकडे हवाई चपलेचे तुकडे घालण्याची एक जुनी युक्ती आहे. सुरुवातीला ती बरी चालते. पण फोम सतत दाबाखाली राहून पापडासारखा चपटा होतो, आणि मग त्याचा उपयोग संपतो.

खिळ्यांचे काम याच्या उलट. खिळा कंप अडवत नाही, तो बैठकीला जमिनीशी जखडतो. गालिचा किंवा सतरंजी असली तर तो तिच्यातून पार जाऊन खालच्या फरशीवर टेकतो आणि स्टँड डोलत नाही. एवढेच त्याचे कर्तृत्व, पण ते लहान नाही. सिमेंटच्या स्लॅबवर किंवा शहाबादी फरशीवर जखडण्यात तोटा कमी, कारण ती जमीन स्पीकरच्या कंपाला सहसा दाद देत नाही. फक्त खिळ्याखाली एखादे जाड नाणे ठेवावे, नाहीतर फरशीला भोके पडतील. जुन्या वाड्याच्या माडीवर मात्र गोष्ट वेगळी. तेथे जमीन म्हणजे खालच्या मजल्याचा कडीपाट. कोणी चालले तर रेकॉर्डवरची सुई उडते. अशा जमिनीला स्पीकर जखडणे म्हणजे सबंध माडीची तबली करणे. तेथे मऊ चकतीच पाहिजे. आणि माडी असो वा फ्लॅट, रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र आणि स्पीकर एकाच टेबलावर कधीही ठेवू नये. स्पीकरचा कंप सुईला, सुईचा पुन्हा स्पीकरला, अशी फेरी सुरू झाली की हुंकार उठतो.

चार पायांचा चौरंग डुगडुगतो आणि तिवई डुगडुगत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तीन टोके कोणत्याही जमिनीवर टेकतात. चौथ्याला कागदाची घडी लागते. म्हणून पेटीखाली तीन आधार पुरतात, दोन पुढे आणि एक मागे. पण स्टँडच्या तळाला मी चार पायच पसंत करतो, कारण तिवई डुगडुगत नसली तरी कोपऱ्याकडून लवकर कलंडते.

धरणे आणि सोडणे यांच्या जोडीला तिसरे काम आहे कंप जिरवण्याचे, आणि ते फार स्वस्तात होते. कुंभाराकडे मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो. खणखणीत वाजले तर घेतो. स्टँड घेताना नेमके उलटे करावे. पोकळ लोखंडी खांब टिचकीने घंटेसारखा वाजला तर तो गाण्यातही वाजणार. त्यात कोरडी वाळू भरा; कण एकमेकांवर घासतात, कंपाची उष्णता होते आणि टिचकीला ‘ठप्प’ असे उत्तर येते. वाळू आधी चाळून, फुटाण्याच्या भट्टीसारखी कढईत भाजून घ्यावी. ओली राहिली तर खांब आतून गंजेल. बी.बी.सी.च्या अभियंत्यांनीही आपल्या लहान स्पीकरच्या पेट्या दगडासारख्या जाड न करता बर्चच्या बेताच्या प्लायवुडच्या केल्या आणि आतून डांबरी थर लावून कंप जिरवला, तो याच विचाराने. पेटी आणि स्टँड यांच्यामध्ये वाटाण्याएवढे चिकट पुट्टीचे चार गोळे दाबून बसवले की पेटी धरलीही जाते आणि थोडा कंप जिरतोही. कणकेच्या गोळ्याइतकी ही साधी वस्तू कित्येक महागड्या साधनांपेक्षा उपयोगी आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयात शिरलो ती सांगतो. माझी नात दोन वर्षांची असताना तिने स्पीकरची लोंबती तार धरून ओढली. पेटी मऊ चकत्यांवर होती. मीच मोठ्या अभिमानाने ठेवली होती. ती तिच्यापासून वीतभर अंतरावर फरशीवर आदळली. फरशीचा टवका उडाला, मुलीला काही झाले नाही. स्पीकर अजून वाजतो. पण त्या रात्री मी कागद घेऊन जो हिशेब करावयास हवा होता तो पहिल्यांदा केला. स्टँड ६० सेंटीमीटर उंच, वर ३० सेंटीमीटरची पेटी, तळ २५ सेंटीमीटर चौरस, दोहोंचे मिळून वजन १२ किलो. वरच्या कडेला आडवे ढकलले तर हे सारे कलंडावयास किती जोर लागतो? पावणेदोन किलोहूनही कमी. दाण्याची पिशवी उचलणाऱ्या कोणाही मुलाच्या हातात तेवढा जोर असतो. खांबात ८ किलो वाळू घातली तर तो पावणेतीन किलोंवर जातो. वाळू न घालता तळ ४० सेंटीमीटर रुंद केला तरी जवळजवळ तितकाच. दोन्ही केले तर साडेचार किलोंच्या आसपास.

म्हणून माझा आग्रह असा की मऊपणा एकाच जागी असावा, बाकीचे सारे सांधे घट्ट. पेटीखाली चकत्या, स्टँडखाली चकत्या, त्याखाली जाड गालिचा, असे थर दिले की ठेका कोठे पडेल त्याचा हिशेब राहत नाही आणि वरची पेटी बोट लावताच डोलू लागते. मऊपणा कोठे द्यावा? माझ्या मते स्टँडच्या तळाशी. तेथे वाळूचे वजनही चकतीवर येते, ती चांगली दबते, आणि तिचे आधार तळाच्या चार कोपऱ्यांत दूर दूर ठेवता येतात. पेटी वर पुट्टीने पक्की.

शेजाऱ्यांबद्दल मात्र कोणी खोटी आशा बाळगू नये. चकती भिंतीतून आणि स्लॅबमधून जाणारा कंप कमी करते; हवेतून भिंतीवर आदळणारा खर्ज ती अडवू शकत नाही. रात्री दहानंतर शेजाऱ्याने दार वाजवले तर त्याला सॉर्बोथेनची माहिती सांगण्यात अर्थ नाही, आवाज कमी करावा.

उंचीचे एक राहिले. बाजारातली स्टँडे खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेली असतात. बारीक स्वरांचा लहान पडदा कानाच्या पातळीवर, जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर यावा असा त्यांचा बेत. आपण गाणे ऐकतो ते पुष्कळदा भारतीय बैठकीवर, आणि तेथे कान पाऊण मीटरच्या आसपास असतो. तेव्हा स्टँड वीतभर कमी उंचीचे करून घ्यावे. ते कलंडावयासही जास्त जोर लागतो.

आमच्या घरी आता पंचेचाळीस सेंटीमीटरचे स्टँड आहे, तळ चाळीसचा, खांबात वाळू, कोपऱ्यांना चार चकत्या. तार खांबाच्या पाठीमागून सुतळीने तीन ठिकाणी बांधली आहे. नात परवा त्याला पाठ टेकून बसली होती आणि भीमसेन जोशी चालू होते.