राईट क्लिक, रिफ्रेश!

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकेचं काम घेऊन बसा. मशीन जरा रेंगाळलं की ऑपरेटर डेस्कटॉपवर येतो, राईट क्लिक मारतो आणि रिफ्रेश करतो. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. त्याने कॉम्प्युटर मोकळा होतो अशी गावोगावी श्रद्धा आहे. खरं तर पडद्यावरची चित्रं तेवढी पुन्हा काढली जातात, मेमरीला त्याचा पत्ताही नसतो. मला मात्र गंमत वाटते ती त्याच्या हाताची. नजर गिऱ्हाइकाकडे, चर्चा पत्रिकेत कोणत्या मामांचं नाव आधी घालायचं याची, आणि बोट न बघता बरोबर रिफ्रेशवर.

हात शब्द वाचत नाही, जागा लक्षात ठेवतो. राईट क्लिकच्या मेनूचं सगळं शास्त्र इथून सुरू होतं.

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. माउसचा बाण असेल तिथेच उघडणारा मेनू म्हणूनच सोयीचा. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात असे मेनू तयार झाले, विंडोज ९५ ने ते घरोघरी नेले. पण बाणाजवळ जागा असते दोन-चार ओळींची. विसावी ओळ लांबच पडते, आणि तिथवर जाताना वरच्या एकोणीस ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

तरीही मेनू फुगतो. फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर घ्या, अँटीव्हायरस घ्या, जो तो इन्स्टॉल होताना आपली एक ओळ घुसवतो. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ आणताना हा पसारा आवरला खरा, पण आवरताना कट, कॉपी, डिलीट यांचे शब्दच काढून नुसती चिन्हं ठेवली. लोक गोंधळले. २०२४ च्या आवृत्तीत चिन्हांखाली शब्द परत आले. त्याआधी ऑफिस २००० मध्ये याहून अजब प्रयोग झाला होता: कमी वापरल्या जाणाऱ्या ओळी मेनू आपणहून लपवायचा. हेतू चांगला होता, पण काल पाचवी असलेली ओळ आज तिसरी झाली तर हाताने करायचं काय? वापरता न येणारी ओळ गायब करण्यापेक्षा फिकट करून जागेवर ठेवावी, या मताचा मी आहे.

जागा न हलवण्याची किमया पाहायची तर सांगलीच्या मार्केट यार्डात जावं. हळदीच्या अडत दुकानातला टॅलीवर बसलेला दिवाणजी माउसला फारसा हातच लावत नाही. एफ५ म्हणजे पैसे दिले, एफ६ म्हणजे आले, एफ८ म्हणजे विक्री. वर्षानुवर्षं तेच. विंडोजमध्ये तेच एफ५ म्हणजे रिफ्रेश, पण त्याच्या बोटाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

डीटीपीवाल्यांच्या कोरलड्रॉमध्ये चित्रावर राईट क्लिक केलं तर मेनू उघडतो, रंगपट्टीवर केलं तर मेनू नाहीच, थेट बॉर्डरला रंग लागतो. नवशिका दचकतो. सरावलेल्याला हीच युक्ती सर्वांत लाडकी. म्हणजे नियम मोडलेला चालतो, पण मग तो रोज एकाच तऱ्हेने मोडायला हवा.

एक चूक मात्र माफ करवत नाही. विंडोजच्या जुन्या मेनूत डिलीट आणि रीनेम या ओळी एकमेकींना खेटून होत्या. एक नाव बदलणारी, दुसरी होत्याचं नव्हतं करणारी! पुतणीच्या पत्रिकेच्या फाइलला नाव देताना माझा बाण एक ओळ वर गेला. ‘नक्की?’ असं मशीनने विचारलं, सवयीने मी एंटर दाबलं. फाइल पेन ड्राइव्हवर होती. तिथून पुसलेलं सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे तेव्हा कळलं. मजकूर पुन्हा बसवावा लागला, मामांच्या क्रमावरून पुन्हा वाद झाला.

डीटीपीच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जाल तेव्हा फाइल आधी त्यांच्या मशीनवर कॉपी करून घ्या, मग काय ते रिफ्रेश करत बसा.