जपून जाजो!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावात मुलगा घराबाहेर पडू लागला की आई दारातूनच सांगते, ‘जपून जाजो रे बापू!’ त्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. शेकडो जण जखमी होतात. आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. आईचा तो ‘जपून’ नुसता बोलण्यापुरता नसतो.

हिंदीत ‘जपना’ म्हणजे नामस्मरण. देवाचे नाव आपणही जपतो. पण मराठीत हा शब्द फार पुढे गेला. निसरड्या वाटेवर जपून चालावे, हा सरळ अर्थ. मूल तळहाताच्या फोडासारखे जपावे, दुसऱ्याचे मन जपावे, हा लाक्षणिक. मुळाशी भाव एकच : नाजूक आहे त्याला इजा होऊ नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, तेही जपणेच.

गोटमारीला मात्र हे दोन अर्थ समोरासमोर उभे ठाकतात. आई म्हणते, जपून राहा. गाव म्हणते, परंपरा जपली पाहिजे. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीतच दगडांनी मारली गेली, अशी आख्यायिका आहे. त्या दोघांना कोणी जपले नाही. त्यांची आठवण जपण्यासाठी मात्र आजही डोकी फुटतात! प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. झेंडा जपावा, चंडीमातेची पूजा जपावी. पण माणूस जपून उरेल तेच जपावे, असे आम्हांस वाटते.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हाही झाला. शाळेतली हिंदी आता घरात आली आहे, आणि दारातून ‘सम्हल के जाना’ ऐकू येते. त्यातही काळजी आहेच. पण जीव, मन, नाते आणि भाषा यांना एकाच धाग्यात ओवणारा शब्द त्यात नाही. भाषा जपण्याची भाषणे पुष्कळ झाली. उद्या सकाळी लेकराला दारातून ‘जपून जाजो’ म्हणा. लेकरूही जपले जाईल, भाषाही.