एकाच दिशेने उघडणारी पेटी

दिल्लीत पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे. अशा एखाद्या शाळेत प्रत्येक शिक्षकाने आपली प्रश्नपत्रिका सर्व्हरवरील एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी, परंतु इतरांची पाहू नये, असे ठरले आहे अशी कल्पना करू. टपालपेटीत पत्र कोणीही टाकावे, बाहेर मात्र ते किल्ली असणाऱ्यानेच काढावे, त्यातलाच हा प्रकार होय. संगणकांच्या जाळ्यात अशी व्यवस्था करता येते. तरीही पुष्कळदा ती फसते. याचे कारण जाणण्यासाठी फोल्डर म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

फोल्डर ही वस्तुतः नावांची यादी असते. युनिक्स प्रणालीत तिच्यावरील हक्क अंकांनी दर्शवितात: यादी वाचण्याचा ४, तीत नावे घालण्याचा वा काढण्याचा २ आणि फोल्डरमध्ये प्रवेश करण्याचा १. ज्याला २ आणि १ मिळून ३ एवढाच हक्क दिला आहे, त्याला नवी फाइल ठेवता येते, पण आत काय आहे ते दिसत नाही. मात्र नाव ठाऊक असल्यास दुसऱ्याची फाइल त्याला काढून टाकता येईल. ते टाळण्यासाठी फोल्डरवर आणखी एक खूण करावी लागते. विंडोजमध्ये फाइल निर्माण करणे, यादी पाहणे आणि फाइल पुसणे हे हक्क निरनिराळे देता येतात.

मग अडते कोठे? बहुतेक आज्ञावल्या गरजेपेक्षा अधिक मागतात. कोणी आधी यादी चाळून नाव मोकळे आहे काय ते पाहते. कोणी लिहिण्याबरोबर वाचण्याचीही परवानगी मागते. कोणी तात्पुरत्या नावाने फाइल लिहून मागाहून नाव बदलते, आणि विंडोजमध्ये त्यासाठी पुसण्याचा हक्क लागतो. यांपैकी एकही मागणी नाकारली गेली की काम थांबते. त्रासलेला व्यवस्थापक अखेर सर्वांना वाचनाचा हक्क देऊन टाकतो, आणि प्रश्नपत्रिकांची गुप्तता तेथेच संपते.

खरा उपाय आज्ञावलीत आहे. तिने केवळ लिहिण्याचा हक्क मागावा आणि ‘या नावाची फाइल नसेल तरच निर्माण कर’ अशी एकच आज्ञा द्यावी. तपासणी व निर्मिती एकाच क्षणी झाल्याने दुसऱ्याच्या फाइलवर आपले लेखन पडण्याचा धोका उरत नाही. नावात वेळ आणि एखादी लांबलचक यादृच्छिक संख्या घालावी. तरीही नकार आलाच तर नवे नाव घ्यावे. फाइल पुन्हा उघडता येईलच असे नसल्याने सर्व मजकूर एका दमात लिहून ती बंद करावी आणि अखेरीस समाप्तीची खूण ठेवावी, म्हणजे अर्धवट फाइल उचलली जाणार नाही.

कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ साली संगणकीय सुरक्षेच्या संदर्भात मांडले. ते अधिकार देणाऱ्याला जितके लागू, तितकेच मागणाऱ्यालाही आहे.