घाव सोसणारी तार

राजारामपुरीतून शिवाजी उद्यमनगराकडे निघालो आणि वाटेत एखाद्या कारखान्यात पॉवर हॅमर चालू असला, तर तो ठोका कानांबरोबर पायांनाही कळतो. हा ठोका जातो कोठे आणि तो सोसावयाचा कोणी, एवढाच आजचा विषय आहे.

आधी हिशेब पाहू. ५ किलोचे वजन १ मीटरवरून पडले आणि १ मिलिमीटरात थांबले, तर थांबविणाऱ्यावर सरासरी सुमारे ५ टनांचा भार येतो. तेच १० मिलिमीटरांत थांबले, तर भार अर्ध्या टनावर उतरतो. म्हणजे घावाला थांबावयास जागा द्यावी, हे पहिले कलम. आणि घेतलेली शक्ती उसळून परत जाऊ देऊ नये, हे दुसरे. स्प्रिंग जागा देते, पण बहुतेक शक्ती परत फेकते. रबर दोन्ही कामे करते. परंतु साधे रबर तेलाने फुगते आणि भट्टीच्या धगीत कडक होऊन तडकते.

यावर सोव्हिएत काळात कुइबिशेव, म्हणजे आजचे समारा, येथील विमानविद्या संस्थेत एक उपाय निघाला. त्याला तिकडे 'धातूचे रबर' म्हणतात. रबराचा त्यात कणही नाही. केसासारखी बारीक पोलादी तार स्प्रिंगेसारखी गुंडाळावयाची, ती वेटोळी ताणून एकमेकांत गुंतवावयाची आणि साच्यात दाबावयाची. भांडी घासावयाची तारेची घासणी मुठीत दाबून पाहावी, म्हणजे कल्पना येईल. अशा गादीत बहुधा निम्म्याहून अधिक जागा पोकळच असते. घाव आला की तारा वाकतात, पोकळी जागा देते, आणि असंख्य ठिकाणी तार तारेवर घासून शक्तीची उष्णता होते.

पण घाव एकच नसतो. आपल्या तालमींतील तांबडी माती आठवावी. पैलवान पडून पडून ती दबते, म्हणून पुन्हा पुन्हा उकरावी लागते. तारेची गादीही पहिल्या काही घावांत थोडी खाली बसते व मूळ उंचीवर येत नाही. पुढे स्थिरावते आणि दीर्घकाळ चालते. म्हणून ती आधीच ठोकून, बसवून घेणे शहाणपणाचे. तरीही घासून घासून तारा झिजतात, तुटतात. घाव कुवतीबाहेरचा असला तर पोकळी मिटते, आणि उरतो तो जवळजवळ घट्ट लोखंडी ठोकळा! मग आपण पुन्हा त्या एका मिलिमीटराच्या हिशेबाकडे येतो. माती उकरता येते. गादी बदलावीच लागते.

हे सांगण्याचे कारण आहे. एका कारखान्यात हातोड्यावरील कामगार हाताला मुंग्या येतात म्हणून आमच्याकडे आले. व्यवस्थापक म्हणाले, "खाली गादी घातलेली आहे." दोघांचेही खरे होते. गादी काढून पाहिली तेव्हा ते रबर लाकडासारखे झालेले होते, आणि ती केव्हा बसविली याची नोंद कोठेही नव्हती. आम्ही पैशांची मागणी केली नाही. नवी गादी, आणि रजिस्टरात एक ओळ मागितली: बसविल्याची तारीख, त्या दिवशीची उंची आणि दर महिन्याचे माप. ती मिळाली.

गादी रबराची असो वा तारेची, ती आहे का, एवढे विचारून भागत नाही. तिची उंची किती उरली, हे विचारावे. तिने सोसावयाचे थांबविले, की पुढचा घाव कामगाराच्या मनगटाकडे येतो.