डबीवरचा तो क्रमांक

परदेशी क्रीमची डबी दुकानात पोचण्याआधी तिच्या नावाने कागदांचा गठ्ठा दिल्लीला गेलेला असावा लागतो. 'कॉस्मेटिक्स रूल्स, 2020' नुसार आयातदार 'सीओएस-1' हा अर्ज भरतो. सोबत परदेशी उत्पादकाचे मुखत्यारपत्र, कारखान्याचा परवाना, त्या देशात माल खुलेपणाने विकला जातो याचा दाखला, घटकांची यादी, लेबलचा नमुना आणि प्राण्यांवर चाचणी केली नसल्याचे लेखी निवेदन जोडतो. मग केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना 'सीओएस-2' हे नोंदणीपत्र देते. त्याचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता डबीवर छापणे बंधनकारक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे मोल त्या दोन ओळींत आहे, कारण काही बिघडले तर या देशात कोणाला धरायचे, हे त्या सांगतात.

हे किती मोलाचे आहे ते केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात दिसले. लघवीतून प्रथिने जाऊ लागलेल्या रुग्णांमधला समान धागा शोधताना डॉक्टर गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचले. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून त्वचा उजळ दिसते. पण तोच पारा त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता नकळत राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकीच आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने 2023 मध्ये 'ऑपरेशन सौंदर्य' ही मोहीम हाती घेऊन परवान्याविना किंवा अपुऱ्या लेबलने विकला जाणारा माल पकडला. पत्ताच नसलेल्या डबीमागचा माणूस मात्र सहजी सापडत नाही.

कागद क्रीम तपासत नाही, हा आक्षेप खरा आहे. उत्पादक खोटे लिहून देऊ शकतो, म्हणूनच बाजारातले नमुने उचलून प्रयोगशाळेत तपासणे अटळ आहे. पण नमुना नापास झाला तरी कारवाईची नोटीस पाठवायला पत्ता लागतोच. दुसरा आक्षेप खर्चाचा. एका प्रकारासाठी 1000 डॉलर, प्रत्येक कारखान्यासाठी 500 आणि प्रत्येक छटेसाठी 50. बारा छटांची लिपस्टिक आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला छटांचेच 600 डॉलर पडतात. हे जाचक आहे आणि लहान आयातदारांसाठी शुल्क उतरायला हवे. कागद मात्र एकही कमी होता कामा नये. नियमाने चालणाऱ्याला हा भुर्दंड आणि सामानाच्या बॅगेतून आणून विकणाऱ्याला काहीच नाही, ही खरी विषमता आहे. ती बेकायदा विक्री रोखूनच मिटेल.

परदेशी क्रीम घेताना डबी उलटून पाहा. नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचा पत्ता नसेल, तर ती परत ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.